संशोधनाचं जहाज कधी निघणार, हे कोण ठरवतं?

प्रश्न : मी चिखलदऱ्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. पावसाचा धडा शिकवताना मी मुलांना सांगितलं, की शास्त्रज्ञ जहाजं घेऊन समुद्रात जातात, तिथलं पाणी मोजतात आणि पावसाचा अंदाज बांधायला त्याची मदत होते. मुलांनी प्रश्नांचा भडिमारच केला. जहाजानं कुठे जायचं हे कोण ठरवतं? मनात आलं की निघता येतं का? एकाच जहाजावर अनेकांना जायचं असेल तर नंबर कसा लागतो? ऐन पावसाळ्यात जातात का? वाटेत बिघाड झाला तर? शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘‘समुद्र आपल्यापासून एवढा लांब. आपल्याला त्याचं काय?’’ मला नीट उत्तरं देता आली नाहीत. तुम्ही द्याल का?
— एक शिक्षिका, चिखलदरा (जि. अमरावती)

उत्तर : त्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. बाकीचे प्रश्न महत्त्वाचे का आहेत, ते त्यातूनच कळतं.

चिखलदऱ्याच्या पठारावरून उत्तरेला उतरणारं पाणी सिपना नदीतून तापीत जातं. दक्षिणेला उतरणारं पूर्णेत जातं, आणि पूर्णाही पुढे चांगदेवजवळ तापीलाच मिळते. तापी अरबी समुद्राला मिळते. पण अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेनं वाहणारी वर्धा प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. तुमच्या एका जिल्ह्याचं पाणी असं दोन समुद्रांना जातं, आणि पाऊसही दोन्हीकडून येतो. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्री ओलांडताना बरंचसं पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावरच टाकून येतात. जुलै-ऑगस्टमध्ये वऱ्हाडात झड लागते ती पुष्कळदा बंगालच्या उपसागरावर तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. ही क्षेत्रं तयार होण्यात समुद्राच्या वरच्या थराच्या उबेचा मोठा वाटा असतो. पेरणी झाल्यावर पावसानं ओढ दिली की दुबार पेरणीची वेळ येते. त्या घरातल्या मुलानं समुद्राची चौकशी करावी, हे अगदी रास्त आहे.

उपग्रह समुद्राचं तापमान मोजतातच, पण त्यांना फक्त पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. पन्नास मीटर खाली पाणी किती गरम आहे, किती खारट आहे, कुठल्या दिशेला वाहतंय, हे कळायला उपकरण पाण्यातच जावं लागतं. हल्ली जगभरच्या समुद्रांत ‘आर्गो’ नावाचे सुमारे चार हजार तरंगक आपोआप काम करत असतात. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात आणि आकडे उपग्रहाला पाठवतात. भारताच्या वतीनं हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते. पण हे तरंगक समुद्रात सोडायलाही बहुधा जहाजच लागतं. समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोयांची देखभाल करायलाही जहाज लागतं. खोल समुद्राचं पाणी, गाळ, जीव आणायचे तर जहाजाला पर्यायच नाही.

जहाजानं कुठे जायचं हे कोण ठरवतं?

आधी जहाजं कोणाची आहेत ते पाहू. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्यात अनेक देशांची जहाजं होती आणि आपल्याकडून ‘आयएनएस किस्तना’ हे नौदलाचं जहाजही होतं. त्या मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी ही संस्था उभी राहिली. तिला ‘गवेषणी’ हे स्वतःचं जहाज मिळालं ते मात्र 1976 मध्ये. मधल्या वर्षांत ‘आयएनएस दर्शक’सारख्या नौदलाच्या जहाजांवर जागा मिळेल तेव्हा काम करावं लागे. स्वतःचं जहाज आल्यावर काय बदललं, ते एका घटनेवरून दिसतं. 26 जानेवारी 1981 रोजी ‘गवेषणी’नं समुद्रतळावरून बहुधातू गोळे वर आणले. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं असलेल्या त्या गोळ्यांमुळे 1987 मध्ये हिंदी महासागराच्या तळाचा मोठा पट्टा शोधकार्यासाठी भारताच्या वाट्याला आला.

आज त्या संस्थेकडे ‘सिंधू संकल्प’ आणि 2014 मध्ये दाखल झालेलं, भारतातच बांधलेलं ‘सिंधू साधना’ ही जहाजं आहेत. 1983 मध्ये जर्मनीत बांधलेलं ‘सागर कन्या’, इटलीत बांधलेलं ‘सागर निधी’ आणि मासळीच्या अभ्यासासाठीचं, कोचीहून चालवलं जाणारं ‘सागर संपदा’ ही जहाजं भू-विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ‘समुद्र रत्नाकर’ आहे. संरक्षण संशोधनासाठी ‘सागरध्वनी’ आहे. भारताला अकरा हजार किलोमीटरच्या आसपास किनारा आणि वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठं अनन्य आर्थिक क्षेत्र लाभलं आहे. त्या मानानं खोल समुद्रात जाऊ शकणारी संशोधन जहाजं मोजकीच. सगळी ओढाताण इथून सुरू होते.

वर्षाला 365 दिवस असले तरी जहाज तेवढे दिवस समुद्रात राहू शकत नाही. नियमानुसार पाच वर्षांत निदान दोनदा त्याचा तळ तपासावा लागतो, त्यासाठी ते सुक्या गोदीत चढवावं लागतं. इंजिनाची दुरुस्ती, इंधन, माणसांची अदलाबदल, सामान चढवणं-उतरवणं यातही दिवस जातात. उरलेल्या दिवसांना शास्त्रज्ञ ‘शिप टाइम’ म्हणतात. समुद्रविज्ञानात पैशापेक्षाही याची चणचण जास्त असते.

नंबर कसा लागतो?

साधारण पद्धत अशी. शास्त्रज्ञ प्रस्ताव देतात: कोणत्या भागात जायचं, कोणत्या महिन्यात, किती दिवस, किती माणसं, कोणती उपकरणं. समिती त्यांची छाननी करते. मग जहाज चालवणारी मंडळी वर्षाचं कॅलेंडर मांडतात, आणि खरं कसब त्या मांडणीत असतं.

काही तारखा हलवता येत नाहीत. गोदीची तारीख आधी घेतलेली असते. नांगरलेल्या बोयाची बॅटरी संपत येते, उपकरणांवर शेवाळ आणि शिंपले चढतात, म्हणून वर्षभरात तिथे पोचावंच लागतं, नाहीतर नोंदींची साखळी तुटते. काही कामं ऋतूला बांधलेली असतात. अंटार्क्टिकाचं उदाहरण घ्या. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या भाड्यानं घेतलेल्या नॉर्वेच्या जहाजातून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी तिथे पोचली. दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्याचे ते मोजके आठवडे हुकले असते, तर बर्फ पुन्हा दाटला असता आणि मोहीम वर्षभर पुढे गेली असती.

या पक्क्या तारखा मांडल्या, की उरलेल्या जागांत बाकीचे प्रस्ताव बसवायचे. एकाच दिशेला जाणारी कामं जोडायची, म्हणजे जाण्यायेण्याचे दिवस वाचतात. बोया बदलायला निघालेल्या जहाजावर दोन शास्त्रज्ञांना पाण्याचे नमुने घ्यायला जागा द्यायची, वाटेत चार आर्गो तरंगक सोडायचे. कोणाचं काम एका फेरीत होईल आणि कोणाला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल, ते इथे ठरतं. थांबावं लागणाऱ्यात पीएच.डी. करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, आणि त्यांचं एक अख्खं वर्ष त्यावर अवलंबून असतं.

फेरीचं गणित

हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहा, मुलांना सगळं लख्ख दिसेल.

मुरगाव बंदरापासून विषुववृत्तापर्यंत सरळ दक्षिणेला सुमारे 925 सागरी मैल. जहाज ताशी 10 सागरी मैलांनी गेलं, तर दिवसाला 240 मैल, म्हणजे सुमारे 444 किलोमीटर होतात. पोचायला जवळपास चार दिवस, परतायला चार. तीस दिवसांच्या फेरीतले आठ दिवस असे प्रवासातच गेले. खराब हवामानासाठी दोन दिवस राखून ठेवायचे. कामाला उरले वीस दिवस, म्हणजे 480 तास.

आता एका ठिकाणचं काम. त्या ठिकाणाला ‘स्टेशन’ म्हणतात. जहाज थांबतं. सीटीडी हे उपकरण आणि त्याभोवती वर्तुळात बसवलेल्या पाण्याच्या बाटल्या विंचवरच्या तारेनं खाली सोडतात. सीटीडी क्षारता, तापमान आणि खोली मोजत जातं. तार सेकंदाला एक मीटर या वेगानं सुटते. समुद्र चार हजार मीटर खोल असेल, म्हणजे चिखलदऱ्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या साडेतीन पटींहून जास्त, तर खाली जायला एक तास सात मिनिटं आणि वर यायला तेवढाच वेळ. वर येताना ठरलेल्या खोल्यांवर थांबून एकेक बाटली बंद करायची असते. सगळं मिळून तीन तास धरा. दोन स्टेशनांमध्ये 60 मैल, म्हणजे सहा तास. एका स्टेशनामागे नऊ तास झाले. 480 भागिले 9, म्हणजे 53 स्टेशनं.

आता दुसऱ्या गटाला प्रत्येक स्टेशनावर जाळं टाकून सूक्ष्मजीव पकडायचे आहेत, त्याला दोन तास जास्त लागतात. अकरा तास धरले तर स्टेशनं उरतात 43. दहा कमी झाली. ती कोणती गाळायची, यावर निघण्यापूर्वीच चर्चा होते आणि समुद्रावर गेल्यावर पुन्हा होते. काम रात्रंदिवस चालतं, पण माणसं तशी चालवता येत नाहीत. नाविकांना 24 तासांत निदान 10 तास आणि आठवड्यात निदान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. विंच चालवायला दुसऱ्या पाळीचा माणूस नसेल, तर उपकरण आणि शास्त्रज्ञ तयार असूनही थांबावं लागतं.

मनात आलं की निघता येतं का?

नाही. दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांच्या आत संशोधन करायचं, तर त्या देशाची संमती लागते. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कायद्यानुसार फेरीच्या निदान सहा महिने आधी सगळी माहिती त्या देशाला द्यावी लागते: कोण येणार, काय मोजणार, कुठे, कधी, कोणत्या साधनांनी. त्या देशाच्या शास्त्रज्ञांना सहभागी व्हायचं असेल तर त्यांना बरोबर घ्यावं लागतं, आणि निष्कर्ष त्यांना द्यावे लागतात. आपल्या समुद्रात परदेशी शास्त्रज्ञ येणार असतील, तर आपल्याकडच्या परवानग्या लागतात.

त्याशिवाय किनाऱ्यावरची कामं. बंदरात धक्का मिळायला हवा. परदेशातून आणलेलं उपकरण कस्टममधून सुटायला हवं. जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. रसायनं नियमाप्रमाणे बांधून, नोंदवून चढवायची. महिनाभराचा शिधा, भाजीपाला, औषधं भरायची. फेरीवर निघाल्यावर एखादा साधा फ्यूज किंवा रबरी कडं विसरल्याचं लक्षात आलं, तर ते आणायला दुकान नाही. म्हणून यादी करणाऱ्या माणसाला प्रत्येक उपकरणाचा प्रत्येक सुटा भाग डोळ्यांसमोर आणावा लागतो.

परत आल्यावरही काम संपत नाही. मार्च 2021 मध्ये ‘सिंधू साधना’ विशाखापट्टणमहून निघालं ते हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांच्या जनुकांचा अभ्यास करायला. अशा फेरीतले नमुने समुद्रावर, धक्क्यावर आणि तिथून प्रयोगशाळेपर्यंत गोठलेलेच राहायला हवेत. धक्क्यावर गाडी वेळेत पोचली नाही आणि नमुने वितळले, तर अनेक आठवड्यांचं काम वाया जातं.

ऐन पावसाळ्यात जातात का?

जातात, आणि जायलाच हवं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. लाटा उंच असतात, उपकरण खाली सोडताना जहाज डोलतं, तारेला हिसके बसतात. सोयीचे महिने हिवाळ्यातले. पण सोयीच्याच महिन्यांत मोजलं, तर समुद्राचं अर्धंच चित्र हाती येतं.

नव्वदच्या दशकात अरबी समुद्राच्या मोठ्या अभ्यासात ‘सागर कन्या’ मुद्दाम वेगवेगळ्या ऋतूंत गेलं: एप्रिल-मे 1994, फेब्रुवारी-मार्च 1995, आणि ऐन पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट 1995. फेब्रुवारीच्या फेरीनं एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या थंड, कोरड्या वाऱ्यांनी ईशान्य अरबी समुद्राचं वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि सूक्ष्म वनस्पती भरभरून वाढतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हे मांडलं. फेरी एप्रिलमध्येच झाली असती, तर ही घडामोड नोंदींत आलीच नसती.

वऱ्हाडाच्या पावसाशी जास्त जवळचा संबंध बंगालच्या उपसागरातल्या मोहिमांचा. 1999 च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागर कन्या’ आणि ‘सागरध्वनी’ मान्सूनच्या अभ्यासासाठी तिथे होती. पुढे 24 जून 2016 रोजी ‘सिंधू साधना’ चेन्नईहून निघालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आणि ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांची ती संयुक्त मोहीम होती. पाण्याखालून आपोआप फिरणारी ग्लायडर यंत्रं सोडून जहाज 8 अंश उत्तर अक्षांशावर जुलैमध्ये दहा दिवसांहून अधिक काळ एकाच जागी थांबलं आणि समुद्र, वारा, पाऊस यांची सतत नोंद घेत राहिलं.

त्या तारखा ठरवणं किती अवघड असेल, याचा विचार करा. मान्सून कधी जोर धरेल आणि कधी उघडीप देईल, हे बरेच महिने आधी कोणालाच सांगता येत नाही. जहाज मात्र बरेच महिने आधी ठरवावं लागतं. म्हणून ते एका जागी पुरेसे दिवस उभं ठेवतात, म्हणजे उघडीप आणि पाऊस दोन्ही अवस्था नोंदवता याव्यात. असे दिवस मागताना इतरांच्या फेऱ्या मागे सरतात, तरीही ते मागावे लागतात. जुलैतल्या पावसाचं गणित जुलैतल्या समुद्रातच मोजता येतं.

बिघाड झाला तर?

जहाज यंत्रच आहे, बिघडतं. जुलै 2023 मध्ये ‘सिंधू साधना’चं इंजिन कारवारजवळ बंद पडलं आणि भर पावसाळ्याच्या समुद्रात ते वाहवत जाऊ लागलं. तटरक्षक दलानं ते ओढून सुरक्षित आणलं. अशा वेळी आधी माणसं, मग जहाज, मग विज्ञान, हा क्रम पक्का असतो. एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला, तरी सगळं काम टाकून जहाज जवळच्या बंदराकडे वळतं.

एका फेरीचा खोळंबा पुढच्या सगळ्या फेऱ्यांना लागतो. जहाज दहा दिवस उशिरा मोकळं झालं, की पुढच्या गटाचा ऋतू हुकू शकतो. सोमाली चाचेगिरीच्या काळात पश्चिम हिंदी महासागरात बोया लावायचं काम वर्षानुवर्षं रखडलं. 2020 मध्ये कोविडमुळे जगभरची संशोधन जहाजं बंदरात अडकली आणि बोयांची देखभाल लांबली. समुद्राच्या नोंदीत असं खिंडार पडलं की ते कायमचं. त्या महिन्यातला समुद्र नंतर मोजता येत नाही.

म्हणून इतर देश जहाजं वाटून घेतात. अमेरिकेत विद्यापीठांच्या संशोधन जहाजांचं वेळापत्रक ‘युनॉल्स’ ही संघटना 1970 च्या दशकापासून एकत्र बसून ठरवते. युरोपात ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, नॉर्वे, स्पेन यांच्या संस्थांनी पैशाऐवजी जहाजाच्या दिवसांचीच अदलाबदल करायची सोय केली आहे. एकाचं जहाज अटलांटिकमध्ये असेल आणि दुसऱ्याला तिथे काम असेल, तर रिकामं जहाज समुद्र ओलांडून नेण्याचं इंधन आणि दिवस वाचतात. आपल्याकडे जहाजं वेगवेगळ्या मंत्रालयांकडे आणि संस्थांकडे विखुरलेली आहेत. मोजक्या जहाजांचं सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर जितकं घट्ट बसेल, तितके आपल्या पावसाच्या अभ्यासाला जास्त दिवस मिळतील, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या वर्गासाठी

बाई, मुलांना वरचं फळ्यावरचं गणित द्या आणि दोन गट करा. एका गटाला बोया बदलायच्या आहेत, दुसऱ्याला जुलैचा समुद्र मोजायचा आहे, आणि जहाज एकच. तारखा त्यांनाच ठरवू द्या. मग जगाच्या नकाशावर आर्गो तरंगक आज कुठे आहेत ते त्यांना इंटरनेटवर दाखवा. ते सगळ्यांना पाहता येतात.

आणि ज्या मुलीनं ‘आपल्याला त्याचं काय’ विचारलं, तिला हेही सांगा, की या कामाला फक्त समुद्रकाठची माणसं लागत नाहीत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी काहीही शिकून या क्षेत्रात जाता येतं. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. वेळापत्रक मांडणारी, परवानग्या मिळवणारी, सुट्या भागांच्या याद्या करणारी माणसं शोधनिबंधात क्वचितच झळकतात, पण त्यांच्यावाचून शोधनिबंधाला लागणारा आकडाच हाती येत नाही. वऱ्हाडातल्या पेरणीला ज्या समुद्राची माहिती हवी, तो मोजायला वऱ्हाडातली मुलंही जायला हवीत. तिची चौकशी सुरू झाली आहे, तुम्ही ती थांबू देऊ नका.